आबांचे रिकामे खण

आमच्या सुतारकामाच्या वर्गातून घरी जायचं तर आधी धोतरावर उभं राहावं लागायचं.

धोतर आबा दुसान्यांचं. जुनं, धुऊन धुऊन विरलेलं. वर्ग सुटायच्या जरा आधी आबा ते वर्कशॉपच्या दारात अंथरायचे, कोपऱ्यांवर लाकडाचे ठोकळे ठेवायचे आणि शेजारी स्टूल टाकून बसायचे. मग एकेकाने त्या धोतरावर उभं राहून कपडे झटकायचे, बाह्यांच्या घड्या उलगडायच्या, खिसे उलटे करायचे, चपला आपटायच्या. मी घाईने निघाले की मागून हाक यायची, "ताई, पदर राह्यना." मी निमूट मागे येऊन पदर झटकायची. सगळे गेले की आबा धोतराची मोट बांधत आणि आतला भुसा पोत्यात ओतत. पोतं भरलं की त्याचं तोंड शिवून ते भिंतीशी उभं करत.

आता भुसा तो भुसा. सागाचा, बाभळीचा, प्लायवूडचा, सगळा एकत्र. आमचे शिक्षक बडगुजर सर, त्यांनी एकदा विचारलं की आबा, ह्याचं करणार काय? ते आबांनाही ठाऊक नव्हतं. धूळ फेकायची नसते, सवय आहे, एवढंच ते म्हणाले.

सवय जुनी होती. आबा जन्मभर सोनार. एरंडोलला त्यांचं दुकान होतं, ते बंद करून म्हातारपणी जळगावात आलेले. सोनाराच्या दुकानातली धूळ कधी बाहेर जात नाही. कानस मारताना उडालेले कण जमिनीवर पडतात, चटईत अडकतात, कारागिराच्या केसांत बसतात. म्हणून केर साठवायचा, हात धुतलेलं पाणीसुद्धा वेगळं धरायचं, आणि धूळ धुऊन सोनं काढणारे लोक आले की त्यांच्या हवाली करायचं. त्या केरातून ते पुन्हा सोनं काढतात. त्यामुळे आबांच्या मते ह्या जगात काहीच हरवत नव्हतं. "जाई कोठे?" हे त्यांचं पालुपद. म्हणजे, जाऊन जाऊन जाईल कुठे? सरांचा चष्मा सापडेना, जाई कोठे. वीज गेली, जाई कोठे. वर्गातला एक जण एकदा कळवळून म्हणाला की माझं अर्धं आयुष्य पाइपच्या कारखान्यात गेलं, तर आबांनी त्याच्याकडेही त्याच शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "जाई कोठे?" त्या माणसाला राग आला. मलाही आला असता.

मी ह्या वर्गात काय करत होते तेही सांगते. मी मुलींच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. आमच्या ओट्याखालच्या कपाटांचं काम घेतलेला सुतार मेहुण्याच्या लग्नाला म्हणून सुरतेला गेला आणि तिकडेच रमला. कपाटं बिनदारांची राहिली. येणाऱ्याजाणाऱ्याला आमची तेलाची बरणी आणि कांद्याची टोपली दिसायची. दुसरा सुतार कोणाचं अर्धवट काम हातात घेईना. शेवटी संतापून मी जळगावातल्याच एका कॉलेजात संध्याकाळच्या सुतारकामाच्या वर्गात नाव घातलं. नवरा म्हणाला, जाताना बोटं मोजून जा. त्याला विनोद करायची हौस आहे, दारं लावायची नाही.

वर्गात बाकीचेही माझ्यासारखेच, कोणी रागाने आलेलं, कोणी हौसेने. आबा मात्र पहिल्या दिवशी आले ते भिंग घेऊन. सोनार डोळ्याच्या खोबणीत अडकवतात तसलं काळं भिंग. सरांनी फळी हातात दिली तशी आबांनी ती भिंगातून आडवी-उभी पाहिली, हुंगली आणि हिचा कस काय म्हणून विचारलं. सर गडबडले. पुढे मापांचाही घोळ झाला. आम्ही सेंटिमीटरमध्ये मोजायचो, सर इंच आणि सुतात, आबा गुंजेत. गुंज हे वजनाचं माप आहे हे सरांनी परोपरीने सांगून पाहिलं. आबा म्हणाले, असू द्या, पण हा सांधा गुंजभर चुकलाय. सरांनी काटकोनाचा गुण्या लावला. सांधा चुकला होता, पण तो आबांचा नव्हता, शेजारच्या टेबलावरचा माझा होता. मला तो सबंध मोडून पुन्हा करावा लागला आणि मी त्या दिवशी पदर न झटकता घरी गेले.

सरांशी आबांचं खरं भांडण मात्र एकाच गोष्टीवरून. सर सांगायचे, खण करताना कडेला हवा सोडा. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आटतं. आत्ता ते आटलेलं आहे. दोन्ही बाजूंना थोडी फट ठेवली नाही तर श्रावणात खण अडकणार म्हणजे अडकणार. आबांच्या डोक्यात हे काही शिरेना. सोन्याच्या डबीच्या झाकणाला फट राहिली तर गिऱ्हाईक डबी तोंडावर फेकेल. फट म्हणजे हलगर्जीपणा, नाहीतर सरळ चोरी. आणि सोनं काही पाऊस आला म्हणून फुगत नाही.

चोरी हा शब्द आबांपुढे काढायची सोय नव्हती. सोनारांबद्दल लोक काय बोलतात ते सगळ्यांना माहीत आहे, आबांना जरा जास्तच माहीत होतं. त्यामुळे जन्मभर त्यांनी एक गोष्ट सांभाळली. दागिना जसा असेल तसा सांगायचा, समोर कोणी का असेना. एरंडोलची माणसं म्हणे दुसरीकडे घेतलेलं सोनं आबांकडे आणून दाखवायची आणि पडलेल्या चेहऱ्याने घरी जायची. एका लग्नात कोणी कौतुकाने विचारलं म्हणून आबांनी भर मांडवात नवरीच्या गळ्यातल्या पोतीत तांबं किती आहे ते सांगून टाकलं. त्या घरचं बोलावणं त्यांना पुन्हा कधी आलं नाही, आणि त्याचं त्यांना काही वाटलंही नाही. काहींना जसं पोहता येत नाही तसं आबांना खोटं बोलता यायचं नाही. माझ्या पहिल्या स्टुलाबद्दल सर म्हणाले, छान प्रयत्न. आबा म्हणाले, ह्याच्यावर कोणाला बसवू नका.

वर्गात कोणी चौरंग करत होतं, कोणी मुलाच्या अभ्यासाचं टेबल. मी माझी दारं करत होते. आबा फक्त खण करत होते. ओंजळीएवढे छोटे छोटे खण, एकाखाली एक रांगा, काष्ठौषधींच्या दुकानात असतात तसे. ह्यात ठेवणार काय, असं विचारलं की आबा म्हणत, "काहीच नही." जळगावात सोनार रिकामे खण करतो म्हटल्यावर वर्गात काय काय बोललं जात असेल ते सांगायला नको. कोणी म्हणे आबांकडे सोन्याची बिस्किटं आहेत, कोणी म्हणे चोरांना चकवायला इतके खण, एकात माल आणि बाकी रिकामे. मीही त्यात भर घातली, कारण गप्पा चांगल्या रंगत होत्या.

आबांना घाई फार. चैत्र संपून वैशाख लागला, वर्कशॉपचा पत्रा तापून पंखासुद्धा झळाच फेकायला लागला, आमच्यातले निम्मे यायचे बंद झाले, पण आबा सुट्टीच्या दिवशीही सरांना वर्कशॉप उघडायला लावत. घरमा काम शे, एवढंच कारण. एका संध्याकाळी ते संपलं. आबांनी शेवटचा खण आत लोटला तर खालच्या रांगेतला एक खण हळूच, कोणी फुंकर मारावी तसा, आपोआप बाहेर आला. तो आत लोटला तर वरचा आला. आतली हवा बाहेर जायला केसाएवढीही फट नव्हती. आम्ही टाळ्या वाजवल्या. सरांनी सगळे खण एकदा उघडझाप करून पाहिले आणि म्हणाले, आबा, असं काम मी आयुष्यात केलेलं नाही, पण श्रावणात मला बोलवा. आबांनी भिंग खिशात टाकलं आणि त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

ते खणांचं कपाट घरी न्यायला मालरिक्षा आणली. मागे बसून खण धरायला कोणीतरी हवं म्हणून मी गेले. खरं कारण म्हणजे मला सोन्याची बिस्किटं पाहायची होती.

जुन्या गावातल्या बोळात दोन खोल्यांचं घर. आत शिरताच दिसलं ते लोखंडी कपाट, त्याची दारं सुतळीने गच्च बांधलेली. शेजारी पत्र्याच्या पेट्या, त्यांच्याही कड्या तारेने आवळलेल्या. आणि खाटेवर काकू बसलेल्या, दोन्ही हातांच्या बोटांना पट्ट्या. आबांनी जाता जाता सांगितलं की बायकोला आताशा काही आठवत नाही, कधी कधी त्यांनाही ओळखत नाही. दिवसभर काहीतरी शोधत असते. पत्र्याच्या कडांनी बोटं फाटतात. बांधून ठेवलं तर सुतळी ओढत बसते. रेडिमेड लाकडी कपाट आणलं होतं, तर त्याचे खण तिच्याने ओढवेनात. मग आबांनी वर्गात नाव घातलं.

खणांचं कपाट भिंतीशी लावलं. काकूंना कोणी काही सांगितलं नाही. त्या उठल्या, कपाटासमोर बसल्या आणि पहिला खण उघडला. आत हात फिरवला, कोपरे चाचपले, बंद केला. तसा दुसराच एक खण फुंकर मारल्यासारखा बाहेर आला. काकू थबकल्या. तो त्यांनी आत लोटला, तर तिसरा आला. आणि काकू हसल्या, लहान मुलीसारख्या, पट्ट्या बांधलेला हात तोंडावर ठेवून. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की ते पाहणं मी बडगुजर सरांपर्यंत पोहोचवावं.

काय शोधतात, असं मी विचारलं. "जुनं शे काही," म्हणाले आणि रिक्षावाल्याला दोर सोडायला मदत करायला बाहेर गेले. बिस्किटांचा विषय माझ्या मनातून तिथेच गेला.

वर्ग संपला. मी माझी दारं लावली, एक जरा तिरकं बसलं, नवऱ्याने त्यावरही विनोद केला. आबांची आठवण अधूनमधून यायची, पण जाणं काही झालं नाही.

श्रावणात झड लागली. भिंतींना ओल आली, काड्यापेटीतल्या काड्या पेटेनात, माझी दोन्ही दारं फुगून बसली. तेव्हाच मला कळायला हवं होतं. रविवारी सकाळी आबा दारात उभे, नखशिखांत भिजलेले. म्हणाले, "ताई, तुमना रंधा द्या." सरांकडे का नाही गेलात असं विचारायची गरज नव्हती. मी दारांसाठी विकत घेतलेला रंधा पिशवीत घातला आणि छत्री घेऊन त्यांच्याबरोबर निघाले.

घरात शिरलो तर काकू कपाटासमोर मांडीत हात ठेवून बसल्या होत्या. एका खणाची मूठ उपटून आली होती, ती त्यांच्या हातात होती. एकही खण हलत नव्हता. सगळं कपाट एक लाकडी ठोकळा होऊन बसलं होतं. काकूंनी आम्हा दोघांकडे पाहिलं आणि आबांना अगदी साध्या आवाजात विचारलं, "मंजू कोठे शे?"

आबा ओल्या कपड्यांनी काकूंसमोर खाली बसले. म्हणाले, "मंजू गयी. ताप उना व्हता तिले. बराच साल व्हयनात."

त्यानंतर काकूंनी जो आवाज काढला तो मी विसरू शकलेले नाही. घरात आत्ताच कोणी गेल्यावर बाई जशी रडते तसं ते रडणं होतं. शेजारीपाजारी कोणी आलं नाही, म्हणजे त्यांनाही हे सवयीचं झालं असावं. काकू रडता रडता थकल्या, गप्प झाल्या. काही वेळाने पदराने तोंड पुसून पुन्हा खणाकडे वळल्या, ओढून पाहिला, तो निघाला नाही, आणि त्यांनी पुन्हा आबांकडे पाहिलं. मी आबांना ओढतच बाहेर ओसरीवर नेलं.

तिथे त्यांनी सगळं सांगितलं. मंजू त्यांची एकुलती एक मुलगी. शाळेत घालायचं ठरलं होतं, तेवढ्यात तापाने गेली. तिच्या हातात आबांनी स्वतः घडवलेल्या सोन्याच्या बिंदल्या होत्या. त्या घरात दिसल्या की त्यांना सहन होईना, म्हणून त्यांनी त्या त्याच आठवड्यात मुशीत टाकून आटवल्या आणि ते सोनं कोणाच्या तरी दागिन्यात घालून टाकलं. काकूंनी बिंदल्या कुठे म्हणून विचारलं तेव्हा आबा म्हणाले होते, सोनं शे ते, जाई कोठे? गावमाच शे. काकूंनी त्यानंतर जन्मभर तो विषय काढला नाही. आता बाकी सगळं पुसलं गेलं आणि तेवढंच उरलं. पोर बाहेर खेळतेय, कुठल्या तरी लग्नाला जायचंय, तिच्या हातात बिंदल्या घालायच्या आहेत, आणि त्या सापडत नाहीत.

मी म्हटलं, आबा, तुम्ही सोनार, तशाच दुसऱ्या करून खणात ठेवा. त्यांनी तेही केलं होतं. नजर उणी झालेली, हात थरथरतो, तरी भिंग लावून केल्या होत्या. काकूंना सापडल्या. त्यांनी त्या तळहातावर घेऊन तोलल्या, खाली ठेवल्या आणि म्हणाल्या, "ह्या आपल्या नही शेतस." नवऱ्याचं नाव विसरलेल्या बाईने दोन बिंदल्यांचं वजन ओळखलं होतं.

म्हणून खण. खण हलत असले की ती शोधते, आणि शोधत असली की बरी असते, गुणगुणतेसुद्धा. खण अडकला की हात थांबतो, आणि हात थांबला की ती पोरीला विचारते. विचारलं की आबा सांगतात. आणि ती दर वेळी पहिल्यांदाच ऐकते. सकाळपासून हेच चाललं होतं.

मला आबांचा राग आला. मी तोंडावर म्हटलं, मामाकडे गेलीय म्हणून सांगा, शाळेत गेलीय म्हणून सांगा, काय बिघडतं? आबा छपराच्या पन्हाळीतून पडणाऱ्या पाण्याकडे बघत राहिले. "खोटं कसं सांगू, ताई? पोर शे ती आपली."

मग आम्ही पाठीमागची फळी काढली आणि खण मागून ठोकून ठोकून बाहेर काढले. मी सवयीने खाली अंथरायला काही मिळतंय का बघू लागले. कोपऱ्यात ते धोतर घडी करून ठेवलेलं होतं. मी ते उचललं, तर आबा म्हणाले, ऱ्हाऊ द्या. आणि रंधा मारायला बसले.

हा माणूस एरवी रंध्याखालून कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल काढायचा. आज ते नुसते ओरबाडत होते. भिंग खिशातच राहिलं. जाड ढलप्या निघत होत्या, पंख्याच्या वाऱ्याने खाटेखाली, चुलीकडे, दाराबाहेरच्या पाण्यात जात होत्या. मी दोनदा म्हटलं की आबा, बस, एवढी हवा पुरे, थंडीत हे खुळखुळतील. त्यांना ऐकू येत नव्हतं, किंवा येत होतं. एकेक खण असा झाला की कडेने करंगळी जाईल. बडगुजर सरांनी पाहिलं असतं तर त्यांनाही ते काम बघवलं नसतं.

कपाट पुन्हा लागलं. आबांनी काकूंना हाताला धरून समोर बसवलं. काकूंनी एक खण ओढला, तो हिसका बसून पुरता हातातच आला. त्यांनी तो परत घातला. दुसरा उघडला, हात फिरवला. आता एक आत लोटला म्हणून दुसरा बाहेर येत नव्हता. काकू एका खणाकडे टक लावून बघत बसल्या, कसली तरी वाट पाहिल्यासारख्या. मग हात मांडीत घेतले. त्यांनी आबांकडे मान वळवली आणि विचारलं, "बिंदल्या कोठे ठेयेल शेतस?"

आबांचा जबडा हलला. ज्या माणसाने भर मांडवात नवरीच्या पोतीतलं तांबं सांगितलं होतं, तो माणूस ओल्या धोतराचा सोगा मुठीत धरून उभा होता.

"खालना खणमा शेतस," ते म्हणाले. "देख."

काकू खाली वाकल्या. आबा तसेच उभे राहिले, आणि माझ्याकडे न बघता, मी काही विचारलेलं नसताना म्हणाले, "शोधस तवपर्यंत तिले पोर शे."

मी रंधा तिथेच ठेवला. परत मागायचा नाही हे मनाशी ठरवलं होतं. दारात आले आणि पाय आपोआप थांबले, पदर झटकायला. खाली धोतर नव्हतं, नुसता ओला उंबरा होता, त्यावर आबांच्या ढलप्या चिकटल्या होत्या. मी तरी पदर झटकला. मागून खण बंद झाल्याचा आवाज आला, मग काकूंचा, नही शे म्हणणारा, आणि मग आबांचा.

"मंग वरना खणमा देख. तठेच शे. जाई कोठे?"